वाचक विचारतात: भुताटकीच्या जागा बघायला जाऊ का?

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की जगभरातल्या झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या जागांबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर कळव्यापासून पनवेलपर्यंत इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. बऱ्याच जणांनी आधी मलाच विचारलंय, ताई तुमचा भुतांवर विश्वास आहे का. माझी आजी कोकणातली, तिच्याकडे मुंजा, देवचार, गिऱ्हा, हडळ सगळ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या आणि कुठल्या पिंपळाखालून तिन्हीसांजेला जायचं नाही हे आम्हाला शाळेचा रस्ता कळायच्या आधी कळलं होतं. मला स्वतःला भूत कधी दिसलं नाही. पण अशा जागांची ओढ अजून आहे, कारण तिथे काहीतरी खरंच घडलेलं असतं आणि ते काय होतं ते शोधत गेलं की अंगावर येणारा काटा वेगळाच असतो.

प्रश्न: ताई, मे महिन्यात मी, मिस्टर आणि सासूबाई युरोपला जातोय. पॅरिस नक्की आहे. मिस्टरांना एक तरी भीतीदायक जागा बघायचीच आहे. पॅरिसचे कॅटाकोम्ब बघावेत की त्यासाठी एडिनबर्ग जोडावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात. (ऐरोली)

पहिली गोष्ट व्हिसाची. पॅरिसला शेंगेन व्हिसा लागतो आणि एडिनबर्ग स्कॉटलंडमध्ये, म्हणजे यूकेचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, वेगळी फी, वेगळी अपॉइंटमेंट. एका संध्याकाळच्या थरारासाठी हे करू नका. या ट्रिपला पॅरिसच करा.

आता कॅटाकोम्ब म्हणजे काय ते सांगते. अठराव्या शतकात पॅरिसच्या मधोमध एक जुनं कब्रस्तान होतं, शेकडो वर्षं तिथेच पुरत आल्यामुळे ते इतकं भरलं की १७८० मध्ये शेजारच्या घराच्या तळघराची भिंतच पडली आणि आतलं सगळं तळघरात आलं. मग शहराखाली चुनखडीच्या दगडाच्या जुन्या खाणी होत्या त्यात हाडं हलवायचं ठरलं. हे काम रात्री चालायचं, काळ्या कापडाने झाकलेल्या गाड्या आणि सोबत मंत्र म्हणणारे पाद्री. पुढे दुसऱ्या कब्रस्तानांतलीही हाडं आली आणि आज तिथे जवळपास ६० लाख माणसांचे अवशेष आहेत असं मानतात. सुरुवातीला ती नुसती ओतलेली होती, १८१० च्या सुमारास कवट्या आणि मांड्यांची हाडं नीट रचून भिंती केल्या गेल्या. दारावर लिहिलंय, थांबा, इथे मृत्यूचं साम्राज्य आहे. मी गेले तेव्हा पहिली दहा मिनिटं भीती वाटली, मग एका लहान कवटीपाशी पाय थांबले आणि भीती कुठच्या कुठे गेली, वाटलं की हिचं नाव कोणाला तरी माहीत होतं, कोणीतरी हिला हाक मारून जेवायला बोलावत असेल. त्यानंतर फोटो काढावासाच वाटला नाही.

पण सासूबाईंना खाली नेऊ नका. १३१ पायऱ्या उतरायच्या, मग सुमारे दीड किलोमीटर चालायचं, काही ठिकाणी जमीन ओली असते, आणि शेवटी ११२ पायऱ्या चढायच्या. आत वर्षभर १४ डिग्री असतं, म्हणजे मे असला तरी स्वेटर घ्या. आणि एक, आत जायचं दार आणि बाहेर यायचं दार वेगवेगळ्या रस्त्यांवर आहे, त्यामुळे तुमच्यापैकी कोणी सासूबाईंसोबत वर थांबणार असेल तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा नाहीतर शोधाशोध होईल. तिकीट ऑनलाइन काढा, मधेमधे दुरुस्तीसाठी बंदही असतं म्हणून साइट बघूनच बाकीचं बुकिंग करा.

एडिनबर्ग पुढच्या खेपेला, पण नीट तीन दिवस काढून. ग्रेफ्रायर्स नावाचं कब्रस्तान आहे, दिवसा फुकट जाता येतं, तिथे काही थडग्यांवर लोखंडी पिंजरे दिसतात. लोक म्हणतात मुडदे बाहेर येऊ नयेत म्हणून, पण ते होते बाहेरच्यांसाठी, कारण त्या काळी डॉक्टरकी शिकणाऱ्यांना चिरफाडीला प्रेतं हवी असायची आणि चोर ताजी प्रेतं उकरून विकायचे. त्याच शहरात बर्क आणि हेअर या दोघांनी उकरायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत, १८२८ पर्यंत १६ माणसं मारून प्रेतं विकली. बर्कला फाशी झाली आणि त्याचा सांगाडा अजून तिथल्या विद्यापीठाच्या म्युझियममध्ये आहे. मला विचाराल तर भुतापेक्षा हे जास्त भयंकर आहे.

प्रश्न: ताई, आम्ही सहा मित्र डिसेंबरमध्ये जयपूरला चाललोय. भानगढच्या किल्ल्यात रात्री पैसे दिले की आत सोडतात असं एकजण म्हणाला. खरंय का? रात्री काय दिसतं? (वर्तकनगर, ठाणे)

अरे, नको. पुरातत्त्व खात्याचा बोर्ड तिथे स्पष्ट लावलेला आहे, सूर्योदयाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर आत जायला बंदी, आणि लोक त्या बोर्डाचा फोटो टाकून म्हणतात बघा सरकारनेच भूत मान्य केलं. तसं काही नाहीये, खात्याची बहुतेक स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच उघडी असतात. भानगढ सरिस्काच्या जंगलाला लागून आहे, तिथे बिबटे आहेत, तरस आहेत, पडके वाडे आहेत ज्यांना छप्पर नाही आणि कठडे नाहीत, अंधारात पाय चुकला तर दवाखाना किती लांब आहे याचा विचार करा. तुम्ही ठाण्याचे आहात, येऊरच्या जंगलात रात्री का जाऊ नये ते तुम्हाला सांगायला नको, तेच कारण इथे.

दिवसा मात्र नक्की जा, सकाळी उघडल्या उघडल्या. १५७३ मध्ये आमेरच्या राजा भगवंतदासने हे आपल्या धाकट्या मुलासाठी, माधोसिंगसाठी वसवलं. ओळीने दुकानं असलेला बाजार आहे, वरती महाल, सोमेश्वर आणि गोपीनाथाची देवळं अजून उभी आहेत. गोष्ट अशी सांगतात की एका तांत्रिकाचा राजकन्या रत्नावतीवर जीव जडला, त्याने तिच्या अत्तरावर मंत्र टाकला, तिने ओळखलं आणि बाटली दगडावर आपटली, तो दगडच गडगडत जाऊन त्याच्यावर पडला आणि मरतामरता त्याने शाप दिला. गोष्ट छान आहे. पण १७८३ चा मोठा दुष्काळ पडला आणि त्यात उरलीसुरली माणसंही निघून गेली असं सांगतात, ते मला त्या शापापेक्षा जास्त लागतं. बाजारात उभं राहून कल्पना करा, या एवढ्या दुकानांत एक दिवस विकायला धान्यच नव्हतं.

प्रश्न: जपानमधल्या त्या आत्महत्येच्या जंगलात जाऊन व्हिडिओ करायचा आहे. परमिशन लागते का? (वाशी)

हा व्हिडिओ करू नका. ऑकिगाहारात लोकांनी खरंच जीव दिलेत, त्यांची आईवडील, मुलं जिवंत आहेत, आणि त्यांचं दुःख आपल्या चॅनेलवर चालवायचं नसतं. ते जंगल ८६४ साली फुजी पर्वताच्या स्फोटातून आलेल्या लाव्हावर उगवलंय, मुळं जमिनीत जाऊ शकत नाहीत म्हणून वरच पसरतात, आणि तिथे नारुसावाची बर्फाची गुहा पर्यटकांसाठी उघडी आहे. दिवसा ती बघा, ठरलेली वाट सोडू नका. आणि तुमच्या मनात त्या जंगलाबद्दल दुसरं काही येत असेल तर आज घरातल्या कोणाशी तरी बोला, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: पाम बीच रोडवर पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते आणि गाडीत बसल्यावर गायब होते, माझ्या मित्राच्या मित्राने बघितलंय. याला तुम्ही जगातल्या लिस्टमध्ये का घेत नाही? (सानपाडा)

घेते की, कारण ही बाई खरंच जगभर आहे! कशेडी घाटातही आहे आणि अमेरिकेतही आहे. १९४२ साली तिथल्या दोन अभ्यासकांनी लिफ्ट मागून गायब होणाऱ्या प्रवाशाच्या ७९ गोष्टी जमवल्या होत्या आणि तेव्हाही सांगणाऱ्याने स्वतः क्वचितच बघितलेलं असायचं. पाम बीच सरळसोट आहे, एका बाजूला खाडी आणि खारफुटी, रात्री रिकामा, पोरं गाडी पळवतात, अपघात होतात. त्या रस्त्यावर गेलेल्या माणसांची आठवण लोक अशी धरून ठेवतात असं मला वाटतं. रात्री दोन वाजता डोळे जड झाले असतील तर गाडी बाजूला घ्या, बाई दिसो न दिसो.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला आहे, आम्ही दोघं सहा महिने त्याच्याकडे जाणार. जवळपास काही आहे का, पण किंचाळणारी, अंगावर येणारी माणसं नकोत. (पाचपाखाडी, ठाणे)

फिलाडेल्फियाचं ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी बघा, मुलाला म्हणावं एका शनिवारी गाडी काढ. १८२९ ते १९७१ चाललेला तुरुंग, आता भिंतींचे पोपडे निघालेले आणि लांबच लांब बोळ. कल्पना अशी होती की कैद्याला पूर्ण एकटं ठेवलं की तो देवाकडे वळेल आणि सुधारेल, म्हणून प्रत्येकाची कोठडी वेगळी, वर छतात उजेडाला एक झरोका, आणि बाहेर नेताना डोक्यावर टोपडं घालायचे म्हणजे दुसरा माणूस दिसायलाच नको. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तिथे जाऊन आला आणि त्याने लिहिलं की मेंदूवरचा हा रोजचा छळ शरीराच्या छळापेक्षा वाईट आहे. तिथे पावलांचे आवाज येतात, कुजबूज ऐकू येते असं लोक सांगतात. कोठडीत दोन मिनिटं एकटं उभं राहून बघा. हॅलोविनच्या सुमारास रात्रीचे जे कार्यक्रम असतात ते तुम्हाला नकोत, दिवसाचा दौरा घ्या.

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा, भुतांचे व्हिडिओ बघतो, रात्री लाइट लावून झोपतो आणि तरी हट्ट धरतो की शनिवारवाड्यात अमावास्येला जायचं. काय करू? (नेरुळ)

व्हिडिओ बंद करा एवढंच सांगून उपयोग नाही, त्या रिकाम्या जागेत खरी गोष्ट भरा. दिवसा शनिवारवाड्यात न्या आणि सांगा की ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं, ते फक्त १८ वर्षांचे होते, तुझ्या एखाद्या दादाएवढे. काका मला वाचवा ही हाक आजही ऐकू येते म्हणतात. मग त्याला विचारा, त्या काकाचं पुढे काय झालं? तर राघोबादादा इंग्रजांकडे मदत मागायला गेले, त्या भानगडीत इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला घेतला, आणि तो किल्ला म्हणजे आपलं ठाण्याचं सेंट्रल जेल! परत येताना बाहेरून त्याची भिंत दाखवा. माझ्या भाच्याला मी हे असंच दाखवलं, तर त्या रात्री त्याने भुताबद्दल नाही, रामशास्त्रींनी एवढ्या मोठ्या माणसाला दोषी कसं ठरवलं याबद्दल विचारलं. लाइट अजून काही दिवस राहू दे, त्यावरून रागावू नका.

प्रश्न: मी ७४ वर्षांचा. पत्नी जाऊन आठ महिने झाले. पहाटे स्वयंपाकघरात ती असल्यासारखं वाटतं, एकदोनदा बांगड्या वाजल्या. मुलगी म्हणते या घराला काहीतरी आहे, विकून खारघरला आमच्याकडे या. मी जगातल्या जागांबद्दल विचारत नाहीये, पण तुम्हाला विचारावंसं वाटलं. (नौपाडा, ठाणे)

काका, बरं केलंत लिहिलंत. १९७१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात डेवी रीस नावाच्या वेल्समधल्या एका डॉक्टरांनी जोडीदार गेलेल्या २९३ माणसांना भेटून विचारलं, तर जवळपास निम्म्यांनी सांगितलं की गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटतं, कोणाला दिसलं, कोणाला आवाज आला. आणि बहुतेकांनी हे त्याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. पुष्कळांना त्याचा त्रास नव्हता, उलट आधार वाटायचा. तुम्ही वेडे झालेले नाही आहात आणि घराला काही झालेलं नाही. ज्या ओट्यापाशी त्या इतकी वर्षं पहाटे उभ्या राहिल्या तिथे तुमच्या कानांना बांगड्यांची सवय आहे, ती आठ महिन्यांत कशी जाईल.

एवढं मात्र करा, झोप लागत नसेल, जेवण कमी झालं असेल किंवा कुठली गोळी नवीन सुरू झाली असेल तर डॉक्टरांना हे सगळं सांगा, बांगड्यांसकट. मुलीला हे उत्तर वाचायला द्या, ती काळजीनेच बोलतेय. खारघरला महिनाभर जाऊन राहायला हरकत नाही, नातवंडांत बरं वाटेल. घर आत्ता विकू नका. पहाटे जाग आली तर स्वयंपाकघरात लाइट लावा, चहा ठेवा, आणि त्यांच्याशी बोलावंसं वाटलं तर बोला.