लग्नाच्या रुखवतासाठी एअर ड्राय क्लेच्या वस्तू आणि कार्डं घरी करायची आहेत. कोणती क्ले घ्यावी, आणि तडे जाऊ नयेत म्हणून काय करावं?

तडे घाईमुळे जातात. पाकिटावर कोणत्या कंपनीचं नाव छापलंय याचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो. एवढी एकच गोष्ट आमच्या वहिनींना पटवणं मला आजवर जमलेलं नाही, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या रुखवतात तुळशीवृंदावन, बैलगाडी, जातं, पाटा-वरवंटा सगळं क्लेचं करायचंय, प्रत्येक वस्तूपुढे उखाण्याचं कार्ड ठेवायचंय, आणि घरातली मंडळी म्हणतायत की "तयार रुखवत भाड्यानं आणू, ते मातीकाम काही टिकत नाही." हे शेवटचं वाक्य मी शब्दशः ऐकलेलं आहे, नाशिकला, भावाच्या स्वयंपाकघरात उभं राहून.

मी मूळचा पेणचा. शाळेत असताना मे महिन्याची सुट्टी शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात जायची. आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटायच्या कामाला, आम्हा पोरांना कोण हात लावू देणार? आमचं काम शाडू मळायचं, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे ओल्या बोटानं पुसायचे आणि मूर्ती उचलून मांडणीवर ठेवायची. आज लोक एअर ड्राय क्ले म्हणून कौतुकानं जे पाकीट घेतात, त्या जातीची माती आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. शाडू भट्टीत जात नाही, हवेवरच वाळते. पेणला येते तीही गुजरातहून. आणि पेणजवळच्या हमरापूर-जोह्याकडच्या कोणत्याही मूर्तीच्या कारखान्यात विचारा, शाडूची ओली मूर्ती कोणी उन्हात नेऊन ठेवत नाही. सावलीत, आडोशाला, सावकाश. पावसाळ्यात ऑर्डर अंगावर आल्या की हॅलोजन लावतात, पण तो नाइलाज. त्यातही कोणती मूर्ती किती लांब ठेवायची हे ठरवणारा माणूस जाणता असतो.

तर पुतणीचं लग्न ठरलं, वैशाखातला मुहूर्त, आणि मी जाहीर केलं की रुखवत काका करणार. वहिनींचा चेहरा तेव्हाच उतरला. त्यांच्या मते रुखवत हे बायकांचं खातं, आणि त्यात दीर कशाला नाक खुपसतोय! "भावजी, तुम्ही मांडवाचं बघा ना," असं तीनतीनदा म्हणून झालं. पुतणीनं मात्र माझी बाजू घेतली. तिला जरीच्या चोळीतल्या बाहुल्या आणि थर्माकोलचा ताजमहाल नको होता.

लहान वस्तू मी पनवेलला घरीच करून नेल्या. वृंदावन मोठं, प्रवासात मोडलं असतं, म्हणून ते नाशिकला केलं. त्यासाठी बाजारची क्ले परवडत नाही, तुम्हीही आणू नका. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवले, मिक्सरमधून काढले (मिक्सर जुना आणला होता, वहिनींचा नव्हता, हे नमूद करतो), फडक्यात घट्ट पिळले, त्यात शाडूची पावडर आणि फेव्हिकॉल घालून कणकेपेक्षा जरा घट्ट मळलं. कागदाचे तंतू मातीला धरून ठेवतात, वस्तू हलकी होते आणि नुसत्या शाडूपेक्षा आकसणं बरंच कमी होतं. आत पुठ्ठ्याचा खोका, त्यात कागदाचे बोळे कोंबलेले, बाहेरून पॅकिंग टेप, म्हणजे पुठ्ठा पाणी पिऊन फुगत नाही. त्यावर पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. जाड लगदा एकदम थापला की संपलं.

का संपलं, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. माती वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी जातं, आणि पाणी गेलं की ती आकसते. बाहेरचं कातडं आधी वाळतं आणि आकसायला बघतं. आतला भाग अजून ओला, फुगलेला, तो जागा सोडत नाही. मग कातडं ताणलं जाऊन फाटतं. ऊन, पंखा, हेअर ड्रायर, ओव्हन हे सगळे बाहेरचं कातडं लवकर वाळवणारे शत्रू. आत बाटली किंवा दगडासारखं न दबणारं काही असलं तरी तेच होतं. माती आकसते, बाटली आकसत नाही, उभा तडा जातो. मळताना सैल वाटते म्हणून पाणी ओतत राहिलात तर आकसणं आणखी वाढतं. बोट ओलं करायचं, माती नाही.

नाशिकची उन्हाळ्यातली हवा कोरडी. कोकणात जे तीन-चार दिवस ओलं राहतं ते तिथे वरून एका रात्रीत वाळलेलं दिसतं आणि आतून कच्चं असतं. म्हणून दुसरा थर दिल्यावर मी वृंदावनावर पातळ प्लॅस्टिक सैल टाकून ते मागच्या खोलीत ठेवलं, सगळ्यांना सांगितलं की याला हात लावू नका, आणि कामासाठी पनवेलला परत आलो. परत गेलो तेव्हा वृंदावन गच्चीत. दुपारचं. वैशाखात.

"लवकर वाळावं म्हणून ठेवलं हो भावजी, आत ओलंच दिसत होतं."

समोरच्या अंगाला वरच्या कडेपासून खालच्या जोत्यापर्यंत तडा. दोन कोपरे उकललेले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर लग्न बाजूला राहिलं असतं. तोच लगदा आणखी बारीक वाटून, जास्त फेव्हिकॉल घालून, तड्यांत दाबून भरला, वरून टिश्यू पेपरचे तुकडे चिकटवले, सावलीत वाळवलं आणि पॉलिश पेपरनं घासलं. गेरूचा रंग दिला, पांढऱ्यानं कोनाडा आणि स्वस्तिक काढलं. भरलेला तडा हाताला लागत होता, डोळ्याला दिसत नव्हता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात वहिनी कोणाला तरी सांगतात, "भावजींच्या मातीला तडे गेले होते, कसंबसं निभावलं." मातीला तडे गेले! गच्चीचं नाव नाही त्या गोष्टीत.

आता भाड्याच्या रुखवताचं. वहिनींनी मला न सांगता एका दुकानात त्याचीही आगाऊ रक्कम भरून ठेवली होती, "असू द्या हाताशी" म्हणून. लग्नाच्या दिवशी एकाच लांब टेबलावर दोन्ही मांडली गेली. अर्ध्यात माझं वृंदावन, रहाटाची विहीर, बैलगाडी, चूल. अर्ध्यात चमकीचा राजवाडा, मोत्यांची पालखी, काचेच्या पेटीतली वरात. लोक दोन्हीकडे बघत होते, फोटो काढत होते, राजवाड्याचे जरा जास्तच, ते मान्य. पण पंगत बसली, जिलब्या फिरत होत्या, आणि दुकानाचा माणूस टेम्पो घेऊन दारात हजर. त्याचं पुढचं लग्न होतं संध्याकाळी. व्याह्यांच्या डोळ्यांदेखत राजवाडा वर्तमानपत्रात गुंडाळून गेला, पाठोपाठ पालखी. नवऱ्या मुलाच्या आत्यानं विचारलं, "हे तुम्ही आम्हाला देत नाही का?" वहिनी मठ्ठ्याचा जग घेऊन पलीकडच्या पंगतीत निघून गेल्या. बैलगाडी आजही पुतणीच्या सासरी टीव्हीखाली आहे, एका बैलाचं शिंग गेलंय, ते नातवंडांनी मोडलं.

म्हणून घरच्यांना एवढंच विचारा: संध्याकाळी परत जाणारं ते कोणाचं रुखवत?

असो. क्ले कोणती? लहान, कोरीव वस्तूंना पांढरी कागदी जातीची एअर ड्राय क्ले घ्या. घरी करायची तर कॉर्नफ्लोर आणि फेव्हिकॉल समसमान, चमचाभर तेल, थोडं लिंबू, मंद आचेवर कढईच्या कडा सोडेपर्यंत हलवायचं आणि कोमट असतानाच हाताला तेल लावून मळायचं. फुलांच्या पाकळ्यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. वाळल्यावर ती जराशी काचेसारखी दिसते आणि चांगली आकसते, म्हणून पाकळी हवी त्याहून मोठी करा. पांढरीशुभ्र हवी तर मळतानाच पांढरा ॲक्रिलिक घाला. ती कढई पुन्हा भाजीला वापरू नका. रहाटाचा दांडा, गाडीचा आस, जात्याचा खुंटा अशा मोडणाऱ्या जागी क्ले नकोच, दोन गोळे एकत्र मळून घट्ट होणारं मोल्ड-इट वापरा किंवा सरळ काडी घाला. मैदा-मिठाच्या गोळ्याच्या नादी लागू नका. दमट हवेत मीठ पाणी ओढतं, वस्तूला घाम येतो, आणि मुंग्या-उंदरांची सोय होते ती वेगळीच.

कार्डांबद्दल: ओली क्ले कार्डावर थेट लावाल तर कार्ड वाकडं होणारच, कारण कागद पाणी पितो आणि वरची क्ले आकसताना त्याला ओढते. कार्डाचा कागद 300 जीएसएमच्या आसपासचा, म्हणजे चांगला जाडसर घ्या. पानं, फुलं, सुपाऱ्या, गणपती जे काही असेल ते वेगळं करा, जाडी दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. चकती अर्धवट वाळली, म्हणजे वाकवली तर वाकते पण बोटाचा ठसा उमटत नाही, की दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जाड पुस्तक ठेवा आणि कागद बदलत राहा. नाहीतर कडा वर उचलल्या जातात. पूर्ण वाळल्यावर रंगवा, मग चिकटवा. कार्डांसाठी खरं तर फोम क्ले, ती सुपर लाइट म्हणून रंगीत पाकिटांत मिळते, ती उत्तम. वजन नाही, सहसा तडकत नाही, वाळल्यावरही जराशी दबते, म्हणून कार्ड पिशवीत गेलं तरी तुकडे पडत नाहीत. तिच्यात बारीक कोरीव काम मात्र उठत नाही, नाक-डोळे करायला जाऊ नका. कार्ड पोस्टानं पाठवणार असाल तर लिफाफ्यात घालून पाठवू नका, डबीत घाला. शिक्का मारणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नसतं.

आमच्या पाटा-वरवंट्यापुढचा उखाणा पुतणीनंच केला होता: "इवलासा पाटा, इवलासा वरवंटा, अमुकरावांचं नाव घेते, वाजली लग्नाची घंटा." लग्नात घंटा कुठे वाजते हे तिला विचारून उपयोग नव्हता. तुमचे उखाणे कार्डावर आधी लिहा, क्ले नंतर चिकटवा, नाहीतर हात टेकायला जागा उरत नाही.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? वस्तू गालाला लावा. गार लागली तर आत अजून ओल आहे. अशा वेळी रंग आणि वर वॉर्निश मारलंत तर ओल आत कोंडते, पुढे बुरशीचे डाग दिसतात किंवा रंग सुटतो. रंग ॲक्रिलिकच, तेही दाट. शाळेतले पाण्याचे रंग भिजवतात. वाळत असताना वस्तू फरशीवर किंवा काचेवर ठेवू नका, चाळणीवर किंवा जाळीवर ठेवा आणि अधूनमधून उलटी करा.

एवढ्या गमजा मारल्यावर दोन गोष्टी सांगायला हव्यात. कितीही वॉर्निश मारलं तरी या वस्तू पाण्याच्या नाहीत. वृंदावनात खरी तुळस लावून पाणी घालायचं मनात असेल तर आत कुंडी वेगळी बसवा. आणि कोनाड्यात तेलाचा दिवा लावायचा नाही. भट्टीत न भाजलेली माती तेल पिते, त्यात कागद आणि फेव्हिकॉल म्हणजे जळण, फोम क्ले तर प्लॅस्टिकच. पणती कुंभाराकडची घ्या किंवा सेलवरचा दिवा ठेवा. शिवाय माझा हात लहानपणी मातीत गेलेला आहे. तुमचा पहिलाच प्रयत्न असेल तर वृंदावन मोठं करू नका, वीतभर पुरे.

किती दिवस आधी सुरुवात करावी हेही तुम्ही विचारलंय, पण लग्न कुठे आणि कोणत्या महिन्यात ते लिहिलेलं नाही. कोकणात दमट दिवस असतील तर नाशिक-नगरच्या दुप्पट वेळ धरा. आणि गच्चीच्या दाराची किल्ली स्वतःकडे ठेवा.