चारी बाजूंनी पाणी असताना फेरीबोटीच्या आगीत इतकी माणसं का मरतात?

मी प्रवासी जहाजावर नोकरी करतो. तुमच्या या प्रश्नाला आमच्याकडे एका जहाजाचं नाव घेऊन उत्तर देतात: स्कँडिनेव्हियन स्टार.

७ एप्रिल १९९०. ऑस्लोहून डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सहावनला निघालेल्या या बोटीवर रात्री दोनच्या सुमारास आग लागली. १५९ माणसं गेली. त्यातली बहुतेक भाजून नाही, धुराने गेली. कॉरिडॉरच्या भिंतींवरचं लॅमिनेट पेटलं की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. तो धूर छातीत गेला की माणूस काही पावलांतच कोसळतो. कित्येकजण केबिनमध्येच राहिले, कारण झोपलेल्याला जागं करण्याइतका अलार्मचा आवाज पोचला नाही. जे बाहेर पडले त्यांना वाट दिसेना. समुद्र हाकेच्या अंतरावर होता, पण तिथवर पोचायचं कसं?

मला चीड येते ती पूर्वतयारीची. जहाज घाईघाईने या मार्गावर आणलेलं, नव्या खलाशांची धड फायर ड्रिलही झालेली नाही. अनेक खलाशी पोर्तुगीज बोलणारे, प्रवासी बहुतांश नॉर्वेजियन. मग अशा रात्री कोण कुणाला काय सांगणार? कॅप्टनने जहाज सोडलं तेव्हा आत माणसं होती.

यानंतर १९९२ मध्ये सोलास या जहाजांच्या सुरक्षेविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्त्या झाल्या. स्प्रिंकलर, धूर ओळखणारी यंत्रणा आणि पायाशी दिवे सक्तीचे झाले. मुख्य म्हणजे जुन्या जहाजांनाही टप्प्याटप्प्याने हे बसवावं लागलं, एरवी जुनी जहाजं अशा नियमांतून सुटतात. आयएसएम कोड, म्हणजे जहाजं सुरक्षितपणे चालवण्याच्या व्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय नियम, १९९८ पासून प्रवासी जहाजांना लागू झाला. त्याची मूळ प्रेरणा १९८७ ची हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही ब्रिटिश फेरीबोट उलटल्याची दुर्घटना, पण या आगीने त्याला जोर दिला. आता सुरक्षेचा जाब किनाऱ्यावरच्या कंपनीलाही द्यावा लागतो.

पायाशी दिवे म्हणजे डेकपासून ३० सेंटीमीटरच्या आत लावलेली पट्टी. धूर वर साठतो, छताजवळची पाटी आधी दिसेनाशी होते. ड्रिलमध्ये आम्ही धुरात रांगतो तेव्हा भिंतीला टेकवलेला हात आणि ती पट्टी, एवढंच हाताशी असतं.

रात्रीच्या बोटीने जाणार असाल तर सामान टाकल्या टाकल्या केबिनपासून दोन्हीकडच्या जिन्यांपर्यंत चालत जा आणि मधले दरवाजे मोजा. आणि फायर डोअरला, म्हणजे आग आणि धूर अडवणाऱ्या दरवाजाला, बॅग लावून तो उघडा ठेवलेला दिसला, तर ती बॅग काढा.