हूल, हुलकावणी की चकवा?

नाशिकमध्ये मुलींना व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांचा प्रश्न आहे. स्मॅशचा आव आणून चेंडू अलगद ब्लॉकमागे, म्हणजे जाळीवर अडवायला उंचावलेल्या हातांमागे, टाकायला सांगताना ‘हूल दे’ म्हणावं, ‘हुलकावणी दे’ की ‘चकवा दे’? ‘झुकांडी’ चालेल का? आणि ब्लॉकरच्या हाताला लावून चेंडू बाहेर काढणं यातच येतं का?

सर, मैदानावर ‘हूल दे’ म्हणा. शब्द तोंडात पटकन येतो, आणि नेमकाही आहे. समोरच्यानं खरी मानावी म्हणून केलेली खोटी चाल म्हणजे हूल. गावात ‘हूल उठते’ तेव्हाही पळापळ खरी असते, घडलेलं मात्र काहीच नसतं. त्यामुळे या शब्दातच तुमची सूचना दडलेली आहे: धाव, उडी आणि मागे खेचलेला हात शेवटच्या क्षणापर्यंत स्मॅशचाच दिसला पाहिजे. मुलगी धावतानाच मंदावली तर मागचे बचावपटू ओळखतात आणि जाळीपासून तीन मीटरवरच्या रेषेकडे सरकतात. मग ती हूल उरत नाही, नुसता हळू मारलेला चेंडू उरतो. टाकताना हात चेंडूवर रेंगाळला तर पंच चेंडू पकडल्याचा दोष देतील, तेही सांगून ठेवा.

हूल शुद्ध रूपात पाहायची तर मधल्या आक्रमकाकडे पाहा. ती जाळीजवळ पूर्ण ताकदीनं उडते, समोरची ब्लॉकर तिच्याबरोबर उडते, आणि सेटर, म्हणजे फटक्यासाठी चेंडू उचलून देणारी, तो पाठवते कडेला. खाली येणाऱ्या ब्लॉकरला तिथे वेळेत पोचता येत नाही, म्हणून कडेच्या मुलीसमोर बहुधा एकटीच ब्लॉकर उरते. मधलीनं चेंडूला हातही लावलेला नसतो, तरी अर्धा गुण तिचाच, असं मी मानतो. या कामाला ‘हूल’पेक्षा चांगला शब्द मला सापडत नाही.

हुलकावणीत भर असतो हातातोंडाशी आलेलं निसटण्यावर. जूनमध्ये गंगापूर धरणाची पातळी रोज पाहणारं नाशिक ‘पावसानं हुलकावणी दिली’ म्हणतं ते याच अर्थानं. म्हणून मी असं वाटून घेतो: हूल खेळाडू देते, पुढे झेपावलेल्या बचावपटूला हुलकावणी चेंडू देतो. बोलण्यात हे दोन्ही एकमेकांच्या जागी येतात आणि ते चूक नाही. शिकवताना मात्र भेद उपयोगी पडतो.

चकवा याहून मोठा. रानात चकवा लागलेला माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. एका हालचालीपेक्षा सबंध रचनेला हा शब्द शोभतो. दोघींनी धावायचं, तिसरीनं मागच्या रांगेतून मारायचं, अशा आखणीला ‘चकवा’ म्हणा.

झुकांडी सोडून द्या. तिला पाठलाग करणारा किंवा धरणारा लागतो. खो-खो, कबड्डीत ती शोभते. इथे मध्ये जाळी आहे.

ब्लॉकच्या कडेनं रेषेलगत किंवा तिरका मारणं म्हणजे ‘ब्लॉकला बगल देणं’. हाताला लावून चेंडू बाहेर काढणं मात्र यातल्या कशातच बसत नाही. तिथे काही लपवलेलं नसतं. ब्लॉकरचा बाहेरचा हात हेरून त्यावरच मारायचं असतं. खेळाडू त्याला ‘ब्लॉकआऊट’ म्हणतात, तेच राहू द्या.