आदल्या रात्रीची वाटीभर मटकी

सातारा,
रविवार, रात्री

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला महिन्याचा खर्च मी वहीत उतरवून घेतला. वहीत उतरवल्याशिवाय मला आकडे दिसत नाहीत, ही बँकेतल्या नोकरीची सवय. खाण्यापिण्याचे 11,400 रुपये झाले म्हणून तू स्वतःवर चिडला आहेस आणि ‘मावशी, मी फार चटोर झालोय’ असं लिहिलं आहेस. मला ते पटलं नाही. ऑर्डरींच्या वेळाही पाठवल्यास हे फार बरं केलंस. 21 पैकी 16 ऑर्डरी रात्री साडेनऊनंतरच्या आहेत. चटोर माणूस रविवारी दुपारीही मागवतो. तू दमून खोलीवर येतोस, ओट्यावर काहीच नसतं आणि पोटात आग पडलेली असते. तुझे पैसे त्या अर्ध्या तासात जातात. म्हणून जिभेला लगाम घाल असं मी म्हणणार नाही. झोपण्याआधी वाटीभर मटकी भिजत घाल, एवढंच आधी सांगते.

सोमवारी रात्री भिजव. मंगळवारी सकाळी आंघोळीला जाण्याआधी पाणी निथळून ओल्या फडक्यात बांध आणि चाळणीत ठेवून दे. या दिवसांत उकाडा आहे, तू परत येईपर्यंत मोड आलेले असतील. थंडीत आणखी एक दिवस लागतो. एका वाटीच्या जवळजवळ तीन वाट्या होतात. कांदा, मोहरी-हळदीची फोडणी, तिखट, मी दिलेला गोडा मसाला, दोन आमसुलं, गुळाचा खडा. वीस मिनिटांत उसळ होते आणि तुम्हा दोघा खोलीमित्रांना पुरून उरते. मग चवळी, हरभरा, वाटाणा असं आलटून पालटून कर. मसूर तर सकाळी भिजवला तरी रात्री शिजतो.

आणि भिजवायला विसरलास तर पिठलं आहेच. अर्धी वाटी बेसन, दीड-दोन वाट्या पाणी, कांदा, मिरच्या, लसूण. गुठळ्या पाण्यातच मोडून घे, म्हणजे कढईत धावपळ होत नाही. बेसनाचा डबा भरलेला आहे तोवर घरात जेवण आहे, असं धरून चाल.

पोळ्यांसाठी जीव आटवू नकोस. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथून नुसत्या पोळ्या घे. भाजी मात्र तिथली घेऊ नकोस; पैशाच्या मानाने ती थोडी असते आणि तेलकट असते. उरलेल्या पोळ्या सकाळी कुस्करून फोडणीला टाक. तुझ्या आजीच्या हातचा कुस्करा तुला आठवत असेल. 1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आम्ही माणदेशातले. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि आई ते तुकडेसुद्धा ताकात कालवून आम्हाला द्यायची. पुढे घरात सगळं आलं, तरी तिने शिळा तुकडा कधी टाकला नाही. भात उरला तर मात्र रात्रीच फ्रिजमध्ये ठेव, ओट्यावर राहू देऊ नकोस.

आता पिण्याचे 3,100 रुपये. कॉफी, थंड पेयं, डब्यातले रस, रोजची पाण्याची बाटली. हा आकडा बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण यातल्या कशानेच तुझं पोट भरलेलं नाही. पाण्याची स्टीलची बाटली तुझ्याकडे आहे, ती सकाळी भरून ने. बाकीच्याचं उत्तर दुधात आहे, म्हणून हे नीट वाच.

रोज अर्धा लिटर म्हशीचं दूध घे. तापवून, गार करून फ्रिजमध्ये ठेव आणि सकाळी साय काढून वेगळ्या डब्यात साठव. दुधातलं निम्मं दोघांच्या चहाला पुरतं, निम्मं कोमट करून त्याला चमचाभर विरजण लाव. कोमट म्हणजे करंगळी बुडवली तर सोसवेल इतकं. कढत दुधात लावलंस तर दही लागत नाही. त्या दह्यातलं अर्धी वाटी घुसळून तीन-चार पेले ताक होतं. मीठ, जिरेपूड, असेल तर कोथिंबीर. ऑफिसला बाटलीत भरून ने. शनिवारी साठलेल्या सायीला विरजण लाव, रविवारी घुसळ. लोणी निघेल, ते कढव, अर्धी वाटी तरी तूप होईल. खाली उरलेली बेरी साखर घालून खा. तुझ्या आईला आणि मला त्या बेरीसाठी भांडताना आजीने किती वेळा रागावलं असेल! ज्या दुधाचा तू फक्त चहा करतोस, त्यातूनच दही, ताक, लोणी, तूप सगळं निघतं.

उन्हाळ्यात लिंबं महाग होतात, तेव्हा आमसुलं भिजवून त्याचं सरबत कर. कैऱ्या स्वस्त झाल्या की चार उकडून गर काढ, गूळ आणि वेलची घालून बरणीत भर. दोन चमचे गार पाण्यात घातले की पन्हं तयार.

भाजी आठवड्यातून दोनदाच आण. आणलेली पालेभाजी पहिल्या दिवशी, फळभाजी नंतर. तुझ्या फ्रिजमध्ये मागच्या वेळी मी काळी पडलेली मेथी पाहिली, तेही पैसेच होते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे देठ, कोथिंबिरीच्या काड्या टाकू नकोस. आणि सवलत आहे म्हणून पाच किलो डाळ उचलू नकोस; दोघांच्या घरात पावसाळ्यात तिला किडे होतात.

एक गोष्ट मी आजवर तुला सांगितली नव्हती. 1986 साली मुंबईत नोकरीला लागले तेव्हा मी लेडीज होस्टेलमध्ये राहायचे. घरी जास्त पैसे पाठवता यावेत म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं आणि चहात बुडवून पाव खायचे. आठ महिने तसे काढले. मग जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. वाचवलेले सगळे पैसे औषधांत आणि बिनपगारी रजेत गेले, आणि आईला कळलं तेव्हा ती रडली. ती मला म्हणाली, ‘पोटाला चिमटा काढून पाठवलेले पैसे मला घशाखाली उतरत नाहीत.’ म्हणून तुला बजावते, अंडी, शेंगदाणे, एखादं फळ आणि दूध यात हात आखडू नकोस. बिस्किटं आणि पाकिटातल्या शेवयांवर रात्र काढणं मला चालणार नाही, ती कितीही स्वस्त असोत.

मित्रांबरोबर महिन्यातून दोनदा बाहेर जेव आणि तेव्हा मेन्यूतल्या किमती मोजत बसू नकोस.

पुढच्या महिन्याचा हिशेब पाठवशील तेव्हा आकड्यांबरोबर रात्री काय जेवलास तेही लिही. शनिवारी येतो आहेसच. विरजण घट्ट झाकणाच्या डबीत बांधून देते. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बस, वर फळीवर ठेवू नकोस, डबी कलंडेल. मटकी इथूनच एक किलो देईन, आपल्या शेतातली आहे.

तुझी,
मावशी