रोपं लावण्याआधी मानशीवर ये

पेडणे, गोवा, चैत्र

प्रिय मुली,

तुझा आराखडा दोनदा वाचला. 5 जूनला, पर्यावरण दिनी, गावच्या पडीक खाजनात खारफुटीची 200 रोपं लावायची. सगळा वर्ग येणार, फोटो निघणार, मग शाळेत प्रदर्शन. शेवटी तू विचारलंस, ‘सर, यात काय सुधारू?’ उत्तर सरळ देतो. ही रोपं तिथे लावू नका. रागावू नकोस, पुढचं वाच.

तुला पडीक दिसते ती जमीन खाजन आहे. नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून पूर्वजांनी मिळवलेलं शेत. त्या बांधात मानस असते, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारं दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने तिची लाकडी दारं मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ती उघडून नदीत जातं. पावसाने मातीतलं मीठ धुऊन निघालं की कोरगुट पेरायचा, थोडा खारेपणा सोसणारं आपलं भात. कापणीनंतर खारं पाणी आत घ्यायचं, मग मासळी आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. एकाच जमिनीतून भात आणि आमटी दोन्ही. गांवकरीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामुदायिक संस्थेच्या, रीतींची पोर्तुगिजांनी 1526 मध्ये लेखी नोंद केली, पण हे बांध त्याहून जुने आहेत.

मग शेत पडीक का पडलं? बांधाला भगदाड पडलं आणि वेळेवर बुजवलं गेलं नाही. पूर्वी ते काम गांवकरी करायची. पुढे कूळ कायदा आला, जबाबदारी कूळ संघांकडे गेली. कुठे संघ जागे राहिले, कुठे फक्त कागदावर. कुठे मासळीची पावणी, म्हणजे मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात घेतलेला माणूस जास्त सुंगटं मिळावीत म्हणून भरतीलाही दारं उघडी ठेवतो आणि पाण्याचा लोंढा बांध पोखरतो. एकदा खारं पाणी आत मुरलं की खारफुटी आपसूक उगवते, तिला तुमची गरज नसते. आणि ती वाढली की कायद्याने तिला हात लावता येत नाही. उद्या शेतकऱ्याने बांध दुरुस्त केला तरी आत उभं असेल ते जंगल. तुमची 200 रोपं जगली, तर कुणाचं तरी शेत कायमचं गेलं.

तेच झाड बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला असेल तर लाटेचा मारा स्वतःवर घेतं आणि बांध वाचवतं. झाड तेच, बांधाच्या कुठल्या अंगाला लावलं यावर सगळं. हा फरक पुस्तकात शोधत बसू नकोस. मानशीची दारं राखणारे काका आहेत, त्यांना विचार.

मी हे इतक्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. उच्च माध्यमिकला शिकवत असताना राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे होतं. सात दिवसांच्या शिबिरात आम्ही एका किनाऱ्यावर सुरूची रोपं लावली. झाड लावणं चांगलंच, असं मी धरून चाललो होतो. मुलांनी घागरींनी पाणी घातलं, हातांना फोड आले. रोपं जगली, आणि मी कितीतरी वर्षं तो किनारा पाहुण्यांना अभिमानाने दाखवला. पुढे एका म्हाताऱ्या रापणकाराने, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, मला सांगितलं, की पूर्वी त्या पट्ट्यात कासवं अंडी घालायला चढायची; आता वाळूत मुळं आणि सुरूच्या काड्यांचा थर, कासवीला खड्डा कसा उकरता येणार? तो शिबिराच्या वेळीही तिथेच होता, होडीला टेकून आमच्याकडे बघत बसला होता. मी त्याला पाणी विचारलं होतं प्यायला. बाकी काही विचारलं नव्हतं. ते मला अजून टोचतं.

तुमच्या आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमात सर्जन, कृती, सेवा असा भाग 18 महिने चालतो. मला तो मनापासून आवडतो. आमच्या योजनेत दोन वर्षांत 240 तास भरायचे असत, आणि मुलं तासच मोजत. तुमच्याकडे तासांपेक्षा काय शिकलात ते मांडायचं असतं, आणि सेवा खऱ्या गरजेतून निघावी, देणंघेणं दोन्ही बाजूंनी असावं, अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा खरी धर. गावाने तुमच्याकडे काय मागितलं, ही ओळ तुझ्या आराखड्यात कुठेच नाही. तुम्ही काय देणार, एवढंच आहे, तेही चार पानं.

म्हणून पहिला महिना काहीच करू नका. ओहोटीच्या वेळी मानशीवर जा, दोघी-तिघी पुरेत, कॅमेरा घरी ठेवून. कोकणी मोडकी असली तरी तीच बोला. तुला मराठी येते, लोक सांभाळून घेतील. कोणाचं शेत कुठे होतं, भगदाड कोणत्या पावसात पडलं, खेकड्यांची बिळं कुठे जास्त, हे ऐका आणि वहीत लिहा. मग तुमच्या हातात काय आहे ते बघा. शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र आहे. गावात ते कुणाकडे नाही. दर पंधरवड्याला पाच ठिकाणचं पाणी मोजून तक्ता ठेवलात, तर कृषी खात्याकडे जाताना कूळ संघाच्या हातात कागद असेल. हे काम फोटोत दिसत नाही. मला विचारशील तर 200 रोपांपेक्षा मी यालाच जास्त गुण देईन.

आणखी एक अडचण, तिच्याकडे कोणी बघत नाही. बांधाची डागडुजी होते एप्रिल-मे मध्ये, पावसाच्या तोंडावर. तुमची बारावीची परीक्षा असते नेमकी मे महिन्यात. म्हणजे गावाला माणसं हवीत तेव्हा तुम्ही नसणार. तेव्हा अकरावीतच चिखलात उतरा, आणि वही खालच्या वर्गातल्या दोघांच्या हाती आधीपासून द्या. तू पुढच्या वर्षी कुठल्यातरी परदेशी विद्यापीठात असशील. बांध इथेच असणार, आणि तक्ता मधेच तुटला तर त्याचा उपयोग नाही.

जागतिक नागरिकत्वाचं पान तू वेगळं जोडलंस, संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांची चौकोनी चित्रं लावून. ते पान काढून टाकलंस तरी चालेल, कारण तो विषय याच बांधावर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटीमीटरने चढली आहे. मानशीचं दार काही बोटांच्या फरकावर चालतं, तेव्हा 20 सेंटीमीटर म्हणजे काय, ते त्या काकांना समजावून सांगावं लागणार नाही. तुझ्या वर्गात एक डच मुलगी आहे म्हणतेस. तिला तिच्याकडच्या पाणी मंडळांबद्दल विचार. तेराव्या शतकापासून तिथले लोक बांध-कालवे राखायला मंडळं निवडून देतात. केरळचा मुलगा असेल तर त्याच्याकडे पोक्कळी आहे, खाऱ्या पाण्यातलं भात आणि पाठोपाठ कोळंबी, आपल्यासारखंच. जुने गोव्याच्या एला इथल्या कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ ही वाणं काढली आहेत, तीही बघून या. ती, तो आणि तू, तिघांनी एकमेकांना आपापला बांध समजावून सांगितला, तर मला ते प्रदर्शनात ठेवण्यासारखं वाटेल.

प्रदर्शनही आधी शाळेत नको. ग्रामसभेत मांडा, कोकणीत किंवा मराठीत. लोक उलट प्रश्न विचारतील, एखादा चढ्या आवाजात बोलेल. त्याचं बोलणं पूर्ण लिहून घे. तुमच्या टिपणवहीत ‘मला समाधान वाटलं’ अशी वाक्यं पुष्कळ आहेत. त्यांच्याशेजारी त्याचंही वाक्य असू दे.

येत्या अमावास्येला उधाण आहे. पाणी सगळ्यात वर चढतं तेव्हा बांध कुठे झिरपतो ते डोळ्यांनी दिसतं. भरतीच्या अर्धा तास आधी देवळाच्या मांडावर, गाव जमतो त्या मोकळ्या जागेत, ये, तिथून चालत जाऊ. चपला जुन्या घाल, चिखल घोट्याच्या वर येतो. मी काकांना सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, पोरींना भूक लागेल, पेज करून ठेवतो.

तुझा,
सर