नामांकित कंपनीची पाण्याची बाटली आणि लोकल बाटली, पाण्यात खरंच फरक असतो का? आणि रिकामी बाटली जाते कुठे?

मिरजेत माझी पाण्याच्या बाटल्यांची एजन्सी आहे, त्यामुळे धंद्यातलं सांगतो.

पाणी बहुतेकदा दोन्हीकडे बोअरचंच. गाळायचं, आरओतून काढायचं, जंतू मारायला यूव्ही-ओझोन द्यायचा, भरायचं. फिल्टर वेळेवर बदलतात का, तपासण्या होतात का, यावर सगळं अवलंबून, आणि ते नावावरून कळत नाही. म्हणून बारीक अक्षरं वाचा: एफएसएसएआयचा (केंद्राची अन्नसुरक्षा यंत्रणा) १४ आकडी परवाना क्रमांक, कारखान्याचा पत्ता, बॅच, तारीख. आयएसआय शिक्का नसला म्हणजे माल बनावट असं आता नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती काढली. टपरीवर आपण 'मिनरल' मागतो, पण खऱ्या मिनरल वॉटरचं मानक आयएस १३४२८. हातात येते ती जवळजवळ नेहमी आयएस १४५४३ वाली, म्हणजे प्रक्रिया केलेलं साधं पाणी.

"बिसलरी द्या" म्हटल्यावर कुठली बाटली पुढे येते, हे दुकानदाराला कशात जास्त पैसे सुटतात त्यावर ठरतं. लोकलमध्ये जास्त सुटतात. नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली, तसंच हिरवं लेबल लावलेली बाटलीही त्यातच खपून जाते.

रिकाम्या बाटलीला भंगारात भाव आहे, त्यामुळे ती बऱ्याचदा उचलली जाते. झाकण आणि लेबल वेगळ्या प्लास्टिकचं, ते काढावं लागतं. मग तुकडे करून, धुऊन त्याचा पॉलिस्टर धागा होतो. अडचण २०० मिलीची. वधूवरांची नावं छापलेली खोकी लग्नांना मीच पुरवतो, आणि मंडप उठला की निम्म्या बाटल्या अर्धवट भरलेल्या लोळत असतात. प्रत्येक ओतून रिकामी करायची आणि हाती चिमूटभर वजन, कोण उचलणार? २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटलीवर परतीची किंमत छापायची अट होती. ती मागायला माझ्याकडे कुणी आल्याचं आठवत नाही.

संपलेली बाटली पिळून टाका. अख्खी राहिली की नळाचं पाणी भरून पुन्हा विकणारे आहेत, स्टेशन-स्टँडवर जास्तच. घेताना झाकण फिरवा. खालची कडी कट्कन तुटली पाहिजे. नुसतंच गरागरा फिरलं तर तिथल्या तिथे परत द्या.