पायथनमधून गरजेनुसार बदलणारी एसक्यूएल क्वेरी कशी बांधावी?

आपण विचारले आहे की शोधाच्या फॉर्ममध्ये नाव, शहर आणि वर्गणी अशा तीन चौकटी असून वापरकर्ता त्यांपैकी कोणतीही रिकामी सोडू शकत असेल, तर एसक्यूलाइट या डेटाबेससाठीची क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) पायथनमधून भरलेल्या चौकटींपुरतीच कशी तयार करावी आणि त्यासाठी एफ-स्ट्रिंग, म्हणजे व्हेरिएबलचे मूल्य थेट मजकुरात भरणारी पायथनची स्ट्रिंग, चालेल का. क्वेरीचा सांगाडा स्ट्रिंग जोडून उभा करण्यात काहीच गैर नाही; मात्र वापरकर्त्याने टाइप केलेले एकही अक्षर त्या सांगाड्यात जाता कामा नये.

एका वाचनालयाच्या सभासद-यादीसाठी मी पूर्वी आपण म्हणता तशीच एफ-स्ट्रिंग वापरली होती. ती महिनाभर सुरळीत चालली आणि मग काउंटरवरच्या बाईंनी डि'सोझा हे आडनाव शोधले. आडनावातील ॲपॉस्ट्रॉफीमुळे एसक्यूएलचे अवतरण तिथेच बंद झाले, उरलेला 'सोझा' डेटाबेसला आज्ञेचा भाग वाटला आणि पडद्यावर सिंटॅक्स एरर आली. वसईपासून गोव्यापर्यंत अशी आडनावे सर्रास आढळत असताना मला ते सुचू नये, ही चूक माझीच. त्याच चौकटीत कोणी मुद्दाम «' ऑर '१'='१» या धर्तीचा मजकूर लिहिला असता, तर संपूर्ण यादी त्याच्या हाती पडली असती. पायथनचे एक्झिक्यूट (क्वेरी चालवणारे फंक्शन) एसक्यूलाइटवर एका वेळी एकच विधान चालवते, त्यामुळे टेबलच काढून टाकणारी ड्रॉप टेबलची आज्ञा मागे जोडता येत नाही, हे खरे. पण माहिती बाहेर जायला पहिले विधानच पुरेसे असते.

मी आता दोन याद्या ठेवतो. चौकट भरलेली असेल तर पहिल्या यादीत «शहर = ?» एवढीच अट (प्रश्नचिन्ह म्हणजे मूल्यासाठी राखलेली जागा) आणि दुसऱ्या यादीत शहराचे मूल्य घालतो, शेवटी पहिली यादी जॉइनने ' अँड ' घालून जोडतो, ती रिकामी नसेल तरच आधी अटींची सुरुवात करणारा व्हेअर हा शब्द लावतो, आणि दुसरी यादी एक्झिक्यूटला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून देतो. चौकट रिकामी आहे की नाही हे तपासताना नुसते «इफ वर्गणी» लिहू नका, कारण पायथनच्या लेखी ० हेही रिकामेच, आणि मग वर्गणी ० असलेले सभासद शोधताच येत नाहीत. रिकाम्या चौकटीचे आधी नन (पायथनमधले 'मूल्यच नाही' असे दर्शवणारे मूल्य) करून घ्या आणि तुलना त्याच्याशी करा.

मूल्य एकच असले तरी यादीतूनच द्यावे. नुसती 'पुणे' ही स्ट्रिंग दिल्यास पायथन तिला अक्षरांची माळ समजते आणि एका प्रश्नचिन्हासाठी ४ मूल्ये मिळाल्याची तक्रार करते, कारण प, उकार, ण आणि मात्रा हे तिच्या हिशेबी चार वेगळे घटक आहेत.

प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त मूल्य बसते, स्तंभाचे किंवा टेबलाचे नाव बसत नाही. क्रम ठरवणाऱ्या ऑर्डर बायनंतर प्रश्नचिन्ह ठेवून 'नाव' पाठवले, तर एसक्यूलाइट कोणतीही एरर न देता त्याला एक स्थिर मजकूर मानते आणि क्रम लागतच नाही, त्यामुळे दोष लवकर सापडत नाही. यासाठी एक डिक्शनरी ठेवावी: वापरकर्त्याची निवड ही तिची की आणि आपण स्वतः लिहिलेले स्तंभाचे नाव हे तिचे मूल्य, की सापडली नाही तर ठरलेला क्रम लावावा.

अनेक शहरे निवडू द्यायची असल्यास इन (यादीतले कोणतेही मूल्य चालेल अशी अट) याच्या कंसात शहरांच्या संख्येइतकी प्रश्नचिन्हे घालावी लागतात. एकही शहर निवडले नसेल तर एसक्यूलाइट रिकामा कंस खपवून घेते, पण पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे दुसरे डेटाबेस घेत नाहीत. एसक्यूलाइटमध्ये प्रश्नचिन्हांच्या संख्येची आपोआप लागू असणारी मर्यादा पूर्वी ९९९ होती, आवृत्ती ३.३२.० पासून ती ३२७६६ आहे. शहरांच्या यादीला तिची झळ पोहोचणार नाही.

हीच रचना पुढे डिलीटसाठी वापरणार असाल, तर अटींची यादी रिकामी असताना क्वेरी चालवूच नये आणि सरळ एक्सेप्शन द्यावे, कारण व्हेअर नसलेले डिलीट सगळे टेबल रिकामे करते.